गोष्ट सांगताना 'सावत्र' हा शब्द गाळावा का?

पारंबी

परवा रात्री हिमगौरीची गोष्ट वाचून दाखवत होते. मुलगी सात वर्षांची आहे. जोडाक्षरं आता कुठे सुटायला लागली आहेत, म्हणून मी वाचत असते तेव्हा ती ओळीखालून बोट फिरवत येते. "राजाने दुसरं लग्न केलं" इथपर्यंत बोट माझ्याबरोबर आलं. पुढच्याच ओळीत 'सावत्र आई' हे शब्द होते. ते मी गाळले आणि "ही नवी राणी फार गर्विष्ठ होती" असं वाचलं. तिचं बोट तिथेच थांबलं. मान वर न करता तिने तो शब्द ओठांतल्या ओठांत लावला, सा... व... त्र, आणि मग बोट पुढे सरकवलं. बोलली काहीच नाही. मीही वाचत राहिले.

मी तिची सावत्र आई आहे. ती तीन वर्षांची होती तेव्हापासून.

त्या रात्रीपासून हा विषय डोक्यातून जात नाही, म्हणून इथे मांडते आहे. परीकथांमध्ये काही माणसं पुन्हा पुन्हा भेटतात. धाकटा भाऊ नेहमी भोळा आणि शेवटी जिंकणारा. जंगलातली म्हातारी एक तर मदत करते, नाही तर खायला उठते. आणि सावत्र आई असेल तर ती दुष्टच. बाकी सगळ्यांना गोष्टीत दोन बाजू मिळतात. म्हातारी चांगलीही निघते, राक्षस कधी कधी राजपुत्र निघतो. सावत्र आईला मात्र दुसरी बाजूच नाही.

"मूळ गोष्टच तशी आहे, त्याला काय करणार" असं मला सांगितलं जातं. म्हणून मूळ शोधायला गेले, तर वेगळंच हाती लागलं. जर्मनीत लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंच्या संग्रहाचा पहिला खंड १८१२ साली निघाला. त्यात हिमगौरीच्या जिवावर उठते ती तिची सख्खी आई. बर्फ पडत असताना खिडकीत बसून शिवणारी, बोटाला सुई टोचल्यावर "बर्फासारखी गोरी, रक्तासारखी लाल मुलगी व्हावी" असं मागणारी जी राणी, तीच पुढे मुलीचं काळीज मागवते. १८१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही राणी बाळंतपणात मरते आणि तिच्या जागी दुसरी आणली जाते. हान्सेल आणि ग्रेटेलचंही तेच. मुलांना जंगलात सोडून यायचा बेत करणारी बाई पहिल्या आवृत्तीत आई आहे, १८४० च्या आवृत्तीत ती सावत्र आई झाली.

म्हणजे आई इतकी वाईट असू शकते हे पानावर ठेवायला जड गेलं, म्हणून दोष उचलून दुसऱ्या बाईच्या पदरात टाकला. दोनशे वर्षं तो तिथेच आहे. ग्रिम बंधूंना आईचं नाव वाचवायला गोष्ट बदलता आली, तर आज आपल्याला हा एक शब्द का काढता येऊ नये? 'दुष्ट राणी' म्हटल्याने गोष्टीचं काय अडतं? मुलांसाठी नव्याने लिहिताना आणि सांगताना हा शब्द गाळावा, असं माझं ठाम मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

खडूफळा

पारंबीताई, वाचताना गलबलून आलं. तरीही मी तुमच्या विरुद्ध बाजूला उभा आहे. तीस वर्षं भाषा शिकवली आणि वर्गात अक्षरशः शेकडो वेळा गोष्टी सांगितल्या, त्या अनुभवावरून लिहितो.

परीकथेत माणसं नसतात, भूमिका असतात. व्लादिमीर प्रॉप या रशियन अभ्यासकाने १९२८ साली शंभर रशियन कथा सोलून दाखवल्या, तेव्हा त्याला पात्रं सातच सापडली: खलनायक, देणगी देणारा, मदतनीस, राजकन्या आणि तिचा बाप, कामगिरीवर धाडणारा, नायक, तोतया नायक. नावं आणि कपडे बदलतात, जागा त्याच राहतात. सावत्र आई हा खलनायकाच्या अंगावरचा एक पोशाख आहे. त्याच जागी कुठे लांडगा असतो, कुठे चेटकीण, कुठे सात डोक्यांचा साप. लांडग्याची गोष्ट ऐकून मूल कुत्र्याला घाबरत नाही. गोष्टीतला लांडगा गोष्टीतच राहतो, हे मुलांना आपल्यापेक्षा लवकर कळतं.

दुसरं असं की सावत्र आई हा पोशाख हवेतून आलेला नाही. बाळंतपणात बायका मरत होत्या. घरात लहान मुलं असलेल्या पुरुषाचं दुसरं लग्न लगेच व्हायचं. नव्या बाईला स्वतःची मुलं झाली की अन्न, जमीन, हुंडा सगळ्यात वाटा आला. हान्सेल-ग्रेटेलच्या घरात दुष्काळ आहे हे विसरू नका. चार तोंडं आणि एक पाव, गोष्ट तिथून सुरू होते. हा शब्द काढलात तर ती भूक आणि तो हिशोबच नाहीसा होईल. उरेल ती उगाच दुष्ट असलेली एक राणी. ती आणखी सपाट.

आणि आज 'सावत्र' गेला, की उद्या कोणी म्हणेल 'म्हातारी' काढा, परवा 'बुटका' काढा. प्रत्येकाची बाजू रास्तच असेल. मग गोष्टीत वाईट वागायला उरेल कोण?

रातराणी

सर, लांडगा मुलीच्या उशाशी बसून गोष्ट वाचत नाही. सावत्र आई बसते. फरक तिथे आहे.

लांडग्याची गोष्ट ऐकून मूल झोपलं, की सकाळी उठल्यावर त्याला लांडगा भेटायचा नाही. इथे ज्या बाईने दिवा मालवला, तीच सकाळी वेणी घालणार आहे. कळेल हो मुलाला, की गोष्ट वेगळी आणि घर वेगळं. पण ते कळून घेण्याचं काम सात वर्षांच्या पोरीवर का टाकायचं? पारंबी, मी तुझ्या बाजूने. गाळ तो शब्द, बिनधास्त.

शब्दवेडा

पारंबी, ग्रिमबद्दल तुम्ही दिलेलं बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष अर्धाच बरोबर आहे. त्या दोन गोष्टींत आईची सावत्र आई झाली, हे खरं. पण सावत्र आईची गोष्ट ग्रिम बंधूंनी जन्माला घातली नाही. ती त्यांच्याहून हजारेक वर्षं जुनी आहे.

चीनमध्ये नवव्या शतकात दुआन चंगशी नावाच्या लेखकाने ये शियानची कथा नोंदवून ठेवली. आई-बाप गेलेली मुलगी, सावत्र आई तिला खोल पाण्यातून पाणी आणायला पाठवते. मुलीने एक मासा पाळलेला असतो. सावत्र आई मुलीचे जुने कपडे चढवून तळ्यावर जाते, ओळखीचे कपडे पाहून मासा वर येतो, आणि ती त्याला मारून खाते. पुढे त्या माशाची हाडं मुलीला हवं ते देतात. त्यात सोन्याचा जोडा आहे आणि जोड्यावरून मुलीला शोधणारा राजाही आहे. म्हणजे सिंड्रेलाच, पण फ्रेंच लेखक पेरोच्या काचेच्या बुटाआधी आठशे वर्षं. मॅरियन रोल्फ कॉक्स या बाईंनी १८९३ साली या कथेची आणि तिच्या भावंडांची ३४५ रूपं गोळा करून छापली, त्यात सावत्र आई किती वेळा येते ते पाहून थक्क व्हायला होतं.

सगळ्यात विलक्षण रूप इटलीतलं. नेपल्सच्या जांबात्तिस्ता बासिलेचा संग्रह त्याच्या मृत्यूनंतर १६३४ ते १६३६ मध्ये छापला गेला. त्यातल्या सिंड्रेलाचं नाव झेझोला. तिला सावत्र आई छळते, म्हणून तिची शिकवणीची बाई तिला युक्ती सांगते: आईला पेटीतून जुने कपडे काढायला सांग, ती वाकली की झाकण सोड. झेझोला तसंच करते आणि सावत्र आईची मान मोडते. मग बापाच्या मागे लागून ती त्या बाईशीच त्याचं लग्न लावून देते. आणि ही दुसरी सावत्र आई पहिलीपेक्षा वाईट निघते, आपल्या लपवून ठेवलेल्या सहा मुली घरात आणते! ही गोष्ट 'सावत्र आई दुष्ट असते' एवढंच सांगत नाही. इथे मुलीच्या हातालाही रक्त लागलेलं आहे.

एक भाषेची गंमतही सांगतो. आपल्या 'सावत्र'मध्ये 'सवत' दडलेली आहे, आणि सवत म्हणजे संस्कृतातली सपत्नी. म्हणजे आपला शब्द मूल आणि ती बाई यांच्या नात्याबद्दल बोलतच नाही, दोन बायकांच्या वैराबद्दल बोलतो. आपल्या कहाण्यांतही आटपाट नगरात आवडती आणि नावडती राणी असते, भांडण तिथलं. इंग्रजीतला 'स्टेप' मात्र जुन्या 'पोरकं' या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. तिकडे मुलाचं दुःख आहे, इकडे सवतीमत्सर. आणि फ्रेंचमध्ये 'बेल-मेर' हा एकच शब्द सावत्र आई आणि सासू दोघींना चालतो. मरीना वॉर्नर या अभ्यासिकेने त्याकडे बोट दाखवून म्हटलं आहे की गोष्टीतल्या या बाईत सासूही मिसळलेली असणार. एका घरात दोन बायका आणि एकाच पुरुषावर दोघींची भिस्त, त्या कोंडीतून हे पात्र आलं.

त्यामुळे शब्द गाळून ही बाई जाणार नाही. तिची मुळं फार खोल आहेत.

पारंबी

शब्दवेडा, झेझोलाची गोष्ट मला ठाऊक नव्हती. माझं वाक्य सुधारून घेते: ग्रिम बंधूंनी सावत्र आई घडवली नाही, दोन ठिकाणी आईच्या जागी तिला उभं केलं. पण एवढ्यानेही माझा मुद्दा टिकतोच. हिमगौरी ही आज जगभर सांगितली जाणारी सावत्र आईची गोष्ट, आणि तीच मुळात सावत्र आईची नव्हती.

खडूफळा सर, तुमचा दुष्काळाचा मुद्दा हान्सेल-ग्रेटेलला लागू आहे. हिमगौरीच्या महालात कुठला दुष्काळ? तिथे आरसा आहे.

आणि 'सावत्र'मधल्या सवतीबद्दल वाचून रात्री बराच वेळ जागी होते. तिच्या आईला मी कधी पाहिलेलं नाही. तिचा एक फोटो मुलीच्या टेबलावर आहे, तो मीच लावला. आणि जगाने मला दिलेल्या शब्दात मी तिची वैरीण आहे.

निशिगंध

मी आजवर इथे फक्त वाचत होते, आज लिहिते आहे.

मी त्या बाजूची आहे. म्हणजे गोष्टीतली मुलगी.

माझी सावत्र आई मारायची नाही. कोणाला दिसेल असं काहीच करायची नाही. माझं ताट शेवटी वाढलं जायचं. मी बोलायला लागले की खोलीतून उठून जायची. वडिलांसमोर आवाज मऊ व्हायचा. मी कोणाला सांगितलं तर "किती करते बिचारी तुमच्यासाठी" असं उत्तर यायचं, आणि ते खरंही होतं, कपडे इस्त्रीचे असायचे, डबा भरलेला असायचा. आठ-नऊ वर्षांची असताना मी स्वतःलाच विचारायचे, की आपणच वाईट आहोत का.

तेव्हा शाळेच्या वाचनालयात मला वासिलिसाची गोष्ट मिळाली. अलेक्सांद्र अफानास्येवच्या रशियन संग्रहातली. आई मरताना मुलीला एक छोटी बाहुली देते. हिला खायला घाल, मग तुझं दुःख सांग, असं सांगते. सावत्र आई आणि तिच्या मुली वासिलिसाला विस्तव आणायला बाबा यागा नावाच्या चेटकिणीकडे पाठवतात. कोंबडीच्या पायांवर फिरणारं घर, हाडांचं कुंपण, त्यावर कवट्या. बाबा यागा डोंगराएवढं काम देते आणि बाहुली रात्री ते उरकते. शेवटी बाबा यागा डोळ्यांतून उजेड पडणारी एक कवटी देते. वासिलिसा ती घरी आणते. कवटीचे डोळे त्या तिघींवरून हलत नाहीत. जिथे पळतील तिथे पाठ पुरवतात. सकाळपर्यंत तिघींचा कोळसा होतो.

ते पान मी किती वेळा वाचलं असेल याची मोजदाद नाही. मला कोणाला जाळायचं नव्हतं. पण ते डोळे बघत होते! मला जे दिसत होतं आणि बाकी कोणाला दिसत नव्हतं, ते त्या कवटीला दिसत होतं. एवढ्या मोठ्या जगात माझ्या बाजूने साक्ष देणारं ते एकच काहीतरी होतं. आणि पुस्तकात 'दुष्ट बाई' असं लिहिलेलं असतं तर ते मला माझं वाटलं नसतं. 'सावत्र आई' असं लिहिलेलं होतं म्हणून मी ते उचललं.

पारंबीताई, तुमच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. तुम्ही फोटो लावलात हे वाचून मला रडू आलं. पण तुमच्यासारख्या आईला वाईट वाटू नये म्हणून माझ्यासारख्या मुलीची गोष्ट काढून घेऊ नका.

रातराणी

निशिगंध, मी वर "बिनधास्त गाळ" असं लिहून गेले होते. तू लिहिलंस ते तीनदा वाचलं. मत पूर्ण बदललं नाही, पण तो शब्द मागे घेते.

फिरती_गोष्ट

मी मुलांना गोष्टी सांगण्याचंच काम करते, बहुतेक वेळा पुस्तक हातात न घेता. इथे 'बदलावं की जपावं' अशी दोन टोकं झाली आहेत, ती मला पटत नाहीत. जपायला मूळ असं काही एक नाहीच.

लाल टोपीवाल्या मुलीचं घ्या. शार्ल पेरोने १६९७ साली छापली त्यात लांडगा मुलीला खातो आणि गोष्ट संपते. शिकारी नाही, पोट फाडणं नाही. ग्रिमच्या गोष्टीत शिकारी येतो, कात्रीने पोट कापतो आणि आत दगड भरले जातात. चेटकिणीने मनोऱ्यात कोंडलेल्या रापुन्झेलचं तर आणखी बोलकं आहे. पहिल्या आवृत्तीत ती भाबडेपणाने चेटकिणीला विचारते की माझे कपडे घट्ट का होत चाललेत. ती गरोदर आहे हे चेटकिणीला त्यावरून कळतं. लोकांनी नावं ठेवली, तेव्हा ते वाक्य गेलं आणि त्या जागी "राजपुत्रापेक्षा तुला वर ओढायला जड जातं" असं दुसरं आलं. वाक्य सोवळं झालं, पण मुलगी उगाचच मूर्ख ठरली. बदलाची किंमत अशी कुठेतरी भरावी लागते, एवढं मला माझ्या कामातून कळलं आहे.

म्हणून पारंबी, मी विचारेन की काय गाळावं यापेक्षा, गाळल्यावर गोष्टीत कुठे भोक पडतं? हिमगौरीत 'सावत्र' काढून नुसती 'राणी' ठेवलीत, तर ऐकणारं मूल लगेच विचारतं, "मग तिची आई कुठे गेली?" मी हे अनुभवलं आहे. पहिल्या पानावर सुई टोचून घेणारी आई मुलांच्या चांगली लक्षात असते.

माझं ऐकाल तर गाळू नका. १८१२ ची सांगा. सख्ख्या आईचीच. धीर होतो का बघा.

खडूफळा

याला माझा सक्त विरोध आहे. पारंबीताईंची अडचण सोडवायला तुम्ही सगळ्याच मुलांच्या पायाखालची जमीन काढून घेताय.

ब्रूनो बेटलहाइम हे मानसशास्त्रज्ञ, त्यांनी १९७६ साली मांडलेला विचार इथे बसतो. लहान मुलाला एकच आई कधी जगातली सगळ्यात चांगली वाटते, कधी रागावलेली, परकी वाटते. त्या दोन आया एकीत मावत नाहीत. गोष्ट त्यांना वेगळं करते. चांगली आई मेलेली, म्हणून कायम चांगली. वाईट ती सावत्र, म्हणून तिच्यावर राग काढायला मोकळीक. म्हणजे ज्या मुलांना सावत्र आई नाही, त्यांच्यासाठीच खरं तर ती गोष्टीत आहे! ग्रिम बंधूंनी बदल भीतीपोटी केला असेल, पण हात अचूक पडला.

आणि हल्ली खलनायिकेला आधीचं दुःख चिकटवून तिची बाजू सांगायची जी लाट आली आहे, तीही मला मान्य नाही. २०१४ सालच्या चित्रपटात झोपलेल्या राजकन्येला शाप देणारी परी मुख्य पात्र झाली, तिचे पंख कापले गेल्याची कहाणी आली. मोठ्यांना ते आवडलं. पण शाप कुठून येतो, का येतो, हे माहीत नसणं यातच त्या जुन्या गोष्टीची ताकद होती. मुलाच्या आयुष्यातही संकटं अशीच येतात, कारण न देता.

फिरती_गोष्ट

सर, बेटलहाइमचा विचार सुबक आहे, पण निशिगंधने लिहिलेलं वाचा. तिला 'आईची वाईट बाजू' दिसत नव्हती. तिला खरीखुरी एक बाई दिसत होती. आणि सख्ख्या आईनेच ज्यांचं ताट शेवटी वाढलं, अशीही मुलं माझ्यासमोर बसलेली असतात. त्यांची साक्ष कोणती कवटी देणार? १८१२ च्या गोष्टीत ती होती. ती काढून घेतली गेली.

निशिगंध

हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. खरं आहे.

पारंबी

चार दिवसांनी लिहिते आहे. काल रात्री सांगितली. पुस्तक न घेता, दिवा बारीक करून.

सुरुवातीलाच म्हटलं, "आज हिमगौरीची वेगळी गोष्ट सांगते, खूप जुनी." राणी खिडकीत बसली, बर्फ पडला, सुई टोचली, तीन थेंब पडले, मुलगी झाली. मग म्हटलं, "आणि मुलगी मोठी होत गेली तशी तिच्या आईला तिचा राग यायला लागला." इथे माझा आवाज कापला. आरसा, शिकारी, काळीज, सगळं सांगितलं. ती माझ्या दंडावर डोकं ठेवून ऐकत होती. मला वाटलं आता विचारेल, "खरी आई असं करते?" त्याचं उत्तर मी दोन दिवस तयार करून ठेवलं होतं.

ती म्हणाली, "आणि बाबा?"

मला कळलंच नाही. "कोणाचे बाबा?"

"हिमगौरीचे. राजा. तो कुठे होता?"

मी म्हटलं गोष्टीत तसं काही नाही. ती म्हणाली, "पण घरातच असेल ना." मग थोड्या वेळाने, "त्याला आरसा ऐकू यायचा नाही का?"

मी गेल्या काही वर्षांत ही गोष्ट किती वेळा वाचली असेल, इथे आठवडाभर आपण केवढं लिहिलं, सख्खी, सावत्र, सासू, सवत. राजा कुठे होता हे मी एकदाही विचारलं नाही.

शब्दवेडा

अंगावर काटा आला. मीही विचारलं नाही.

आता पाहतो तर सगळीकडे तेच आहे. ग्रिमच्या सिंड्रेलात बाप शेवटपर्यंत जिवंत आहे. जत्रेहून काय आणू म्हणून विचारतो, ती परतताना टोपीला लागलेली पहिली फांदी मागते. ती हेझलची फांदी आईच्या कबरीवर लावते आणि त्याच झाडावरून तिला पोशाख मिळतो. म्हणजे मेलेली आई झाड होऊन मदत करते, आणि जिवंत बाप? राजपुत्र जोडा घेऊन आल्यावर विचारतो, आणखी मुलगी आहे का? तेव्हा हा सांगतो की माझ्या मेलेल्या बायकोची एक खुरटी, मळकी पोर तेवढी आहे, ती काही नवरी असणं शक्य नाही. स्वतःच्या मुलीबद्दल! हान्सेल-ग्रेटेलचा बाप तर दोन्ही वेळा त्यांच्याबरोबर जंगलात जातो. शेवटी मुलं हिरेमोती घेऊन घरी येतात, बायको मेलेली असते आणि तो त्यांना मिठीत घेतो. गोष्ट त्याला एका शब्दानेही जाब विचारत नाही.

सर, तुम्ही वर प्रॉपच्या सात भूमिका दिल्यात त्या मी पुन्हा पाहिल्या. बाप तिथे राजकन्येला जोडूनच येतो. त्याला स्वतःची जागाच नाही.

खडूफळा

मी अजूनही म्हणतो की शब्द गाळू नये. पण पोरीने विचारलेला प्रश्न मी तीस वर्षांत एकाही वर्गात विचारला नाही, हे मनाला लागलं.

ध्रुवाची गोष्ट मी दरवर्षी सांगायचो. सुरुची त्याला मांडीवर चढू देत नाही, "आधी माझ्या पोटी जन्म घे" म्हणते. सुरुचीचा आवाज काढून सांगायचो, मुलं तिच्यावर चिडायची. मांडी उत्तानपादाची होती. तो तिथेच बसलेला होता. त्याचा आवाज मी कधी काढला नाही, कारण त्याला बोलायला काही नव्हतंच.

निशिगंध

"वडिलांसमोर आवाज मऊ व्हायचा" असं मी वर लिहिलं आहे. लिहिताना मला वाटलं ते वाक्य तिच्याबद्दल आहे.

पारंबी

निशिगंध, तुला एक फोन करावासा वाटतो.

शब्द गाळायचा की नाही, हा माझा प्रश्न आता जरा बाजूला पडला आहे. पुस्तकातला शब्द आहे तसाच वाचेन. तिने तो तेव्हाच लावून वाचला होता, मी गाळून काय होणार होतं. सध्या अडचण वेगळी आहे. आज रात्री तिला अशी गोष्ट हवी आहे ज्यात बाबा येतो. "उशिरा आला तरी चालेल" असं म्हणाली. आणि ती हिमगौरीचीच हवी, दुसरी नको. कोणाला ठाऊक आहे का?

शब्दवेडा

आहे. खरोखर आहे, मी बनवून सांगत नाही.

संग्रह छापण्याआधी, १८१० साली, ग्रिम बंधूंनी गोळा केलेल्या गोष्टींचं हस्तलिखित एका मित्राकडे पाठवलं होतं. ते फ्रान्समधल्या अल्सास भागातल्या एका मठात राहिलं, म्हणून वाचलं. त्यात हिमगौरी आहे. राणी सख्खी आई आहे. शिकारी पाठवत नाही, स्वतःच मुलीला गाडीत घालून जंगलात नेते, गुलाब तोडून आण म्हणते आणि ती उतरली की गाडी हाकून निघून जाते. राजा त्या वेळी घरी नाही, लांब गेलेला आहे. पुढे बुटके, विष, काचेची पेटी, सगळं आपलं ओळखीचं.

आणि मग राजपुत्र येत नाही. राजा येतो. परतीच्या वाटेवर त्याला ती पेटी दिसते, आत आपली मुलगी दिसते. त्याच्याबरोबर वैद्य असतात. ते खोलीच्या चार कोपऱ्यांना दोर बांधतात, आणि हिमगौरी जिवंत होते.